जोड बरोबरीची लावावी : सुरुवातीच्या घरगुती कॉम्प्युटरांची तुलना करण्याची रीत

कुस्तीच्या मैदानात जोड ठरवताना जाणती मंडळी आधी वजन, वय आणि तयारी पाहतात. नवशिक्या पोराला मुरलेल्या मल्लापुढे उभे केले तर निकाल लागतो, पण त्या निकालातून दोघांपैकी एकाचीही कुवत कळत नाही. खासबाग मैदानाच्या आमच्या कोल्हापुरात हे कोणाला समजावून सांगावे लागू नये. तरीही जुन्या घरगुती कॉम्प्युटरांची तुलना करताना आपल्याकडची मुले नेमकी हीच चूक करतात. १९७७ चा ऍपल टू आणि १९८२ चा कमोडोर ६४ समोरासमोर ठेवले जातात. पहिला ४ केबी (किलोबाइट) मेमरीसह १,२९८ डॉलरला आणि दुसरा ६४ केबी मेमरीसह ५९५ डॉलरला बाजारात आला, हे वाचून कमोडोरला विजयी घोषित केले जाते. वास्तविक या आकड्यांतून एवढेच सिद्ध होते की मधल्या पाच वर्षांत मेमरीच्या चिप स्वस्त झाल्या.

राजारामपुरीतील माझ्या घरी महिन्यातल्या एका रविवारी आठ-दहा विद्यार्थी जमतात आणि आम्ही असली यंत्रे चालवून पाहतो. त्या बैठकांतून हळूहळू ठरत गेलेली रीत येथे मांडतो आहे. तिच्यासाठी एक साधा लॅपटॉप, सेकंद दाखवणारे घड्याळ आणि एक दोनशेपानी वही पुरेशी आहे. अस्सल यंत्र हाताशी असल्यास उत्तमच, पण त्याच्यावाचून काही अडत नाही. लॅपटॉपवर ती यंत्रे हुबेहूब वठवणारे प्रोग्रॅम, म्हणजे एम्युलेटर, मोफत मिळतात.

प्रश्न आणि साल

वहीच्या पहिल्या पानावर प्रश्न पूर्ण वाक्यात लिहावा. ‘कोणता कॉम्प्युटर चांगला?’ हा प्रश्न उपयोगाचा नाही. ‘१९८२ च्या अखेरीस, घरात एक टीव्ही आणि एक कॅसेट टेपरेकॉर्डर असलेल्या कुटुंबाने कोणता कॉम्प्युटर घ्यायला हवा होता?’ हा प्रश्न चालेल, कारण त्यात साल आहे, घर आहे आणि घरातल्या वस्तूही आहेत. ‘इतिहासात कोणाचे स्थान मोठे?’ हा अगदी निराळा प्रश्न आहे आणि त्याला निराळे पान द्यावे. दोन्ही प्रश्न एकाच पानावर आले की, पुढे नावारूपाला आलेल्या यंत्राचे दोष आपोआप झाकले जातात आणि विस्मृतीत गेलेल्या यंत्राचे गुण कोणी मोजतच नाही.

यानंतर यंत्रे सालानुसार गटांत बसवावीत. १९७७ च्या गटात ऍपल टू, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० हे तीन मल्ल येतात. टीआरएस-८० हा मॉनिटरसह ५९९ डॉलरला मिळत असे, पण त्याच्यावर रंग नव्हते. पेटच्या एकाच पेटीत पडदा, कीबोर्ड आणि कॅसेट यंत्र बसवलेले असले तरी त्याच्या चिमुकल्या चौकोनी बटणांवर टंकलेखन करणे म्हणजे शिक्षाच होती. ऍपल सर्वांत महाग होता आणि टीव्ही व टेपरेकॉर्डर आपलाच आणावा लागे, पण त्यात रंग होते आणि नवीन कार्ड खोवण्यासाठी आठ खाचा होत्या. त्या खाचांचे मोल पहिल्या दिवशी कोणाच्या लक्षात आले नसेल. १९७८ मध्ये त्यांतल्याच एका खाचेतून डिस्क ड्राइव्ह जोडता येऊ लागला, १९७९ मध्ये व्हिजिकॅल्क हा पहिला लोकप्रिय स्प्रेडशीट, म्हणजे रकान्यांत हिशेब मांडणारा, प्रोग्रॅम आला, आणि घरासाठी घेतलेले यंत्र हिशेबनिसाच्या टेबलावर जाऊन बसले.

या लेखातील पुढचे सगळे प्रयोग १९८२ च्या गटावर आहेत : सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम, एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो (मॉडेल बी) आणि कमोडोर ६४. बीबीसी मायक्रो डिसेंबर १९८१ मध्ये, स्पेक्ट्रम एप्रिल १९८२ मध्ये आणि कमोडोर ६४ अमेरिकेत ऑगस्ट १९८२ मध्ये विक्रीस आला, म्हणजे तिघांच्या वयात नऊ महिन्यांपेक्षा जास्त फरक नाही. ही जोड बरोबरीची आहे.

किंमत पुरती मांडावी

जाहिरातीतील किंमत ही यंत्राची असते, घराच्या खर्चाची नसते. ४८ केबीचा स्पेक्ट्रम १७५ पौंडांना मिळत असे आणि बीबीसी मॉडेल बी ची किंमत १९८२ मध्ये ३९९ पौंड झाली होती. त्या वर्षी एक पौंड साधारण सोळा-सतरा रुपयांना पडत होता, म्हणजे आयातीवरचे जबर शुल्क सोडूनही पहिला तीन हजारांच्या आत आणि दुसरा साडेसहा हजारांच्या घरात गेला असता. हे दोन्ही घरातल्या टीव्हीला आणि भजनांच्या कॅसेट वाजवणाऱ्या साध्या टेपरेकॉर्डरला जोडता येत. कमोडोर ६४ ला मात्र स्वतःच्याच बनावटीचे कॅसेट यंत्र लागे, आणि डिस्क ड्राइव्ह हवा असल्यास १५४१ या ड्राइव्हसाठी आणखी ३९९ डॉलर मोजावे लागत. या ड्राइव्हमध्ये स्वतंत्र ६५०२ प्रोसेसर (कॉम्प्युटरचा मेंदू असलेली चिप) आणि २ केबी मेमरी होती. थोडक्यात, गिऱ्हाईक नकळत दुसरा कॉम्प्युटरच विकत घेत होते.

किमतीपुढे नेहमी महिना आणि देश लिहावा, कारण १९८२-८३ मधील किंमतयुद्धात आकडे टोमॅटोच्या भावासारखे कोसळले. १९८१ मध्ये ५२५ डॉलरला निघालेला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-९९/४ए १९८३ मध्ये शंभर डॉलरच्या खाली आला. कमोडोरने प्रोसेसर बनवणारी एमओएस टेक्नॉलॉजी ही कंपनी १९७६ मध्येच विकत घेतली होती, त्यामुळे तिला चिप स्वतःच्या कारखान्यातून मिळत आणि किंमत उतरवताना तिचा हात आखडत नसे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने ऑक्टोबर १९८३ मध्ये या बाजारातून अंग काढून घेतले. यंत्र चांगले असणे आणि कंपनी टिकणे यांचा संबंध किती सैल असतो, हे पाहायचे असेल तर या दोन कंपन्यांचे १९८३ हे वर्ष महिन्यानुसार मांडून पाहावे.

वेग : डब्यावरचा आकडा आणि घड्याळ

स्पेक्ट्रमचा झेड८०ए प्रोसेसर ३.५ मेगाहर्ट्झवर (सेकंदाला ३५ लाख ठोक्यांवर) चालतो, बीबीसीचा ६५०२ हा २ मेगाहर्ट्झवर आणि कमोडोरचा ६५१० जेमतेम १ मेगाहर्ट्झवर. हे आकडे पाहून स्पेक्ट्रम सर्वांत वेगवान ठरवणे म्हणजे बैलगाडी आणि सायकल यांच्या चाकांचे फेरे मोजून शर्यतीचा निकाल लावण्यासारखे आहे. झेड८० ला सर्वांत सोप्या आज्ञेलाही घड्याळाचे चार ठोके लागतात. ६५०२ चे काम दोन ठोक्यांत होते.

म्हणून घड्याळ लावावे. फ्यूज हा स्पेक्ट्रमचा, व्हाइस हा कमोडोरचा आणि बीबएम हा बीबीसीचा एम्युलेटर उतरवून घ्यावा, आणि तिन्हींचा वेग शंभर टक्क्यांवर ठेवलेला आहे याची खात्री करावी. मग बेसिकमध्ये, म्हणजे या यंत्रांत आधीपासूनच असलेल्या सोप्या प्रोग्रॅमिंग भाषेत, दोनच ओळी टंकाव्यात : पहिली ‘फॉर के = १ टू १००००’ आणि दुसरी ‘नेक्स्ट के’. ही अत्यंत जुनी कसोटी आहे. त्या काळची मासिके अशीच, पण एक हजार फेऱ्यांची चाचणी छापत असत. आपण दहा हजार फेऱ्या घेऊन दहाने भागावे, म्हणजे बोट उशिरा दाबल्याची चूक विरून जाते. एक हजार फेऱ्यांना बीबीसीला सुमारे एक सेकंद लागतो, कमोडोरला त्याहून थोडा जास्त, आणि डब्यावरच्या आकड्यात सर्वांत पुढे असलेल्या स्पेक्ट्रमला चार सेकंदांहून अधिक.

याची कारणे मुलांना शोधायला लावावीत. स्पेक्ट्रमचे बेसिक हे झेडएक्स८१ च्या बेसिकमधून वाढवलेले होते, आणि ते मूळ बेसिक वेगापेक्षा जागा वाचवण्याच्या हिशेबाने रचलेले होते. बीबीसीचे बेसिक सोफी विल्सन यांनी लिहिले. त्यात नावापुढे टक्क्याचे चिन्ह लावले की संख्या पूर्णांक मानली जाते आणि तीच फेरी आणखी वेगाने फिरते. हाच डाव कमोडोरवर टाकून पाहावा, तो चक्क चूक दाखवतो, कारण तिथे फॉरच्या फेरीला पूर्णांक नाव चालत नाही. मात्र या चाचणीतून स्पेक्ट्रम हे यंत्र मंद आहे असा निष्कर्ष काढू नये. मंद आहे ते त्याचे बेसिक. यंत्रभाषेत, म्हणजे प्रोसेसरला थेट कळणाऱ्या आज्ञांत, लिहिलेला प्रोग्रॅम त्याच्यावर चांगला धावतो. वहीत ‘बेसिकचा वेग’ आणि ‘यंत्रभाषेचा वेग’ असे दोन रकाने ठेवले की हा घोटाळा होत नाही.

टीआय-९९/४ए ची गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याचा प्रोसेसर १६ बिटांचा, म्हणजे एका वेळी १६ द्विमान अंक हाताळणारा होता, आणि बाकी सगळे ८ बिटांवर असताना हे केवढे मोठे शस्त्र वाटावे! पण प्रोसेसरला थेट हाताशी असलेली मेमरी अवघी २५६ बाइट होती. उरलेली १६ केबी चित्राच्या चिपला जोडलेली होती आणि तिच्यापर्यंत त्या चिपच्या खिडकीतूनच, एकेक बाइट मागत जावे लागे. शिवाय त्याचे बेसिक आणखी एका मधल्या भाषेत लिहिलेले असल्याने प्रत्येक ओळीचे भाषांतर दोनदा होई. दांडगा मल्ल आणावा आणि त्याला लंगोटाऐवजी गुडघ्यापर्यंत दोर बांधून उतरवावे, असा तो प्रकार होता.

मेमरी : पदरात किती पडते

डब्यावर ६४ लिहिले म्हणून ६४ मिळत नाहीत. कमोडोर ६४ सुरू करताच तो स्वतःच कबूल करतो की बेसिकसाठी ३८,९११ बाइट मोकळे आहेत. ४८ केबीच्या स्पेक्ट्रमवर सुमारे ४१ हजार बाइट हाती राहतात, म्हणजे बेसिक लिहिणाऱ्यासाठी लहान आकड्याचे यंत्र अधिक जागा देते. यंत्रभाषेत लिहिणारा मात्र कमोडोरमध्ये बेसिकचा रॉम (आज्ञा कायमच्या कोरलेली चिप) बाजूला सारून जवळजवळ सगळी मेमरी वापरू शकतो. तेव्हा येथेही प्रश्न कोणाच्या वतीने विचारला जातो आहे हे पाहावे लागते.

बीबीसीचा हिशेब सर्वांत बोधप्रद आहे. त्याच्यावर ‘प्रिंट हायमेम − पेज’ ही आज्ञा द्यावी, म्हणजे बेसिकसाठी किती बाइट मोकळे आहेत ते कळते. (पडदा मांडण्याच्या निरनिराळ्या तऱ्हांना बीबीसीवर ‘मोड’ म्हणतात.) नुसत्या कॅसेटवर चालणाऱ्या यंत्रात, मोड ७ मध्ये उत्तर २८,१६० येते. मग मोड ० मध्ये जाऊन तीच आज्ञा दिली की ८,७०४ येते. डिस्कची सोय बसवलेली असेल तर हेच आकडे २५,३४४ आणि ५,८८८ होतात. कारण सरळ आहे : मोड ७ हा टेलिटेक्स्टचा, म्हणजे मुख्यतः अक्षरांचा, पडदा केवळ १ केबी खातो, तर मोड ० चा बारीक रेषांचा पडदा ३२ पैकी २० केबी गिळतो. भाड्याच्या खोलीत मोठा पलंग आणला की चालायला जागा उरत नाही. स्पेक्ट्रमचा पडदा मात्र सदैव ६,९१२ बाइटच घेतो, आणि ही काटकसर कशी साधली ते पुढच्या प्रयोगात दिसते.

पडदा, आणि घरातला टीव्ही

स्पेक्ट्रमच्या पडद्यावर २५६ × १९२ ठिपके आहेत. प्रत्येक ठिपका चालू की बंद एवढीच नोंद ६,१४४ बाइटमध्ये राहते, आणि रंगांची नोंद ठिपक्यांची न ठेवता ८ × ८ ठिपक्यांच्या चौकटीची ठेवली जाते. अशा ७६८ चौकटी, प्रत्येकीला एक बाइट, प्रत्येकीत दोनच रंग. लाल रेषेवरून हिरवी रेषा ओढून पाहावी : जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथली सगळी चौकट हिरवी होऊन बसते. कमोडोरच्या बारीक चित्रांनाही चौकटींची बंधने आहेत, पण त्याच्या व्हीआयसी-टू चिपमध्ये पडद्यापासून स्वतंत्रपणे हलणाऱ्या आठ आकृत्या, ज्यांना स्प्राइट म्हणतात, असल्यामुळे खेळांतील पात्रे पार्श्वभूमीचे रंग न बिघडवता सरकतात. बीबीसी प्रत्येक ठिपक्याला स्वतंत्र रंग देतो, आणि त्याची किंमत मघाशी पाहिलेल्या मेमरीत वसूल करतो.

आता हे सर्व रंग विसरावेत. १९८० च्या दशकात कोल्हापुरातील बहुतेक घरांत टीव्ही होता तो कृष्णधवल, लाकडी कपाटात सरकत्या शटरमागे ठेवलेला. ज्या यंत्राचे कौतुक रंगांसाठी करायचे, ते आपल्या दिवाणखान्यात कसे दिसले असते हे पाहणे तुलनेचाच भाग आहे. फ्यूजमध्ये कृष्णधवल टीव्हीचा पर्याय आहे. तो लावून ० ते ७ हे आठ रंग पट्ट्यांनी शेजारी-शेजारी रंगवावेत. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत राखाडी रंगाची चढती शिडी दिसते, कारण सिंक्लेअरने रंगांचे क्रमांक त्यांच्या उजेडाच्या क्रमाने लावले होते : काळा, निळा, लाल, किरमिजी, हिरवा, आकाशी, पिवळा, पांढरा. बीबीसीचा क्रम काळा, लाल, हिरवा, पिवळा, निळा असा असल्याने ती शिडी तिथे मोडते. माझ्या मते स्वस्त यंत्राच्या रचनाकाराने स्वस्त टीव्हीचा केलेला हा विचार, आठ स्प्राइटांइतकाच दाद देण्याजोगा आहे.

टीव्हीचा आणखी एक पेच लक्षात घ्यावा. अमेरिकी यंत्रे टीव्ही-चित्राच्या एनटीएससी पद्धतीची, सेकंदाला ६० वेळा पडदा रंगवणारी. भारत आणि ब्रिटन पॅल पद्धतीचे, ५० वेळांचे. त्यातही ब्रिटिश यंत्रे आपले चित्र यूएचएफ या वरच्या लहरींच्या पट्ट्यातील ३६ व्या चॅनेलवर पाठवत, आणि आपल्याकडचे अनेक जुने संच केवळ व्हीएचएफ हा खालचा पट्टा पकडणारे होते, त्यामुळे नातेवाइकाने लंडनहून आणलेले यंत्र जोडल्यावर पडद्यावर नुसती मुंग्यांची रांग दिसणे अगदी शक्य होते. ऍपल टू चे रंग तर एनटीएससी पद्धतीतल्याच एका युक्तीवर उभे होते. पॅल देशांसाठी काढलेल्या युरोप्लस या आवृत्तीवर वेगळे कार्ड घातल्याशिवाय रंग दिसत नसत. व्हाइसमध्ये पॅल आणि एनटीएससी यांची अदलाबदल करून एकच प्रोग्रॅम दोनदा चालवावा, म्हणजे पडद्याच्या ठेक्यावर चालणाऱ्या संगीताची लय कशी बदलते ते कानांनाच कळते.

आवाजाचा निकाल लावायला वेळ लागत नाही. कमोडोरची एसआयडी ही बॉब यॅन्स यांनी रचलेली तीन सुरांची चिप खऱ्या अर्थाने वाद्य आहे, बीबीसीची चिप कामचलाऊ आहे, आणि ४८ केबीच्या स्पेक्ट्रममध्ये एका बिटाने चालू-बंद होणारा भोंगा आहे.

दोन कामे : वर्तुळ आणि देवनागरी

यंत्र घेऊन आलेल्या मुलाला स्वतः काही लिहायचे असेल तर काय हाल होतात, हे समजण्यासाठी आमच्याकडे दोन कामे ठरलेली आहेत. पहिले, पडद्याच्या मध्यावर वर्तुळ काढणे. स्पेक्ट्रमवर ‘सर्कल १२८, ८८, ५०’ एवढे टंकले की काम झाले. बीबीसीच्या त्या वेळच्या बेसिकमध्ये वर्तुळाची आज्ञा नाही, पण रेषेची आहे, त्यामुळे साइन-कोसाइनची एक फेरी लिहून ते निघते आणि मुलांची त्रिकोणमितीही होते. कमोडोरच्या बेसिकमध्ये चित्राची एकही आज्ञा नाही. पडद्याच्या कडेचा रंग बदलायलासुद्धा ५३२८० या पत्त्यावर आकडा ‘पोक’ करावा, म्हणजे थेट मेमरीत भरावा, लागतो. वर्तुळासाठी तर आधी बारीक चित्राची ८,००० बाइट जागा एकेक करून पुसावी लागते आणि त्यातच अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ जातो. सर्वाधिक खपलेल्या यंत्राचे बेसिक तिघांत सर्वांत दरिद्री होते, हे या प्रयोगाशिवाय कोणाला पटत नाही.

दुसरे काम आमच्या घरचे आहे : ‘कोल्हापूर’ हा शब्द पडद्यावर लिहून दाखवणे. तिन्ही यंत्रांत अक्षराची चौकट ८ × ८ ठिपक्यांची असते. वरची एक ओळ शिरोरेषेत जाते, उरलेल्या सात ओळींत अक्षर बसवायचे, आणि मात्रा, उकार यांना जागाच नसल्यामुळे त्यांच्यासाठी वरची व खालची चौकट उसनी घ्यायची. जोडाक्षर ‘ल्हा’ साठी दोन चौकटी शेजारी लावल्या तर बरे दिसते. आलेखाच्या कागदावर आधी अक्षरे काढून, प्रत्येक ओळीतल्या आठ घरांचे आकड्यात रूपांतर करून मग ती भरावीत. स्पेक्ट्रम आपली म्हणून २१ अक्षरे देतो, बीबीसी सहज ३२ देतो, आणि कमोडोरवर अक्षरसंच मेमरीत उतरवून घेतला की तब्बल २५६ अक्षरे बदलता येतात. मराठीची व्यंजनेच तीसहून अधिक, म्हणजे या एका कामात कमोडोर सरळ चितपट कुस्ती मारतो. बीबीसीवर आणखी एक अडचण येते : मेमरी वाचवणाऱ्या मोड ७ मध्ये अक्षरे बदलताच येत नाहीत, त्यामुळे मराठीसाठी किमान ८ केबी खाणारा मोड ६ घ्यावा लागतो. एरवी कोरडे वाटणारे मेमरीचे कोष्टक मुलांना येथे स्वतःच्या गरजेतून उमगते.

वाट पाहणे

एम्युलेटरची सगळ्यात मोठी लबाडी म्हणजे तो वाट पाहायला लावत नाही. म्हणून फ्यूजमधील झटपट लोडिंगचे पर्याय बंद करावेत आणि व्हाइसमध्ये ड्राइव्हचे तंतोतंत अनुकरण करणारा पर्याय चालू ठेवावा. कॅसेटवरून स्पेक्ट्रमची ४८ केबी मेमरी भरायला साडेचार-पाच मिनिटे जातात. कमोडोरचे कॅसेट यंत्र मुळात त्याहूनही कितीतरी संथ होते, आणि १५४१ ड्राइव्हसुद्धा सेकंदाला ४०० बाइटच्या आसपासच देत असे. म्हणूनच त्या काळी जलद लोडिंगच्या युक्त्या स्वतंत्रपणे विकल्या जात. एकदा तरी पूर्ण वेळ बसून पाहावे. तिसऱ्या मिनिटाला चूक येऊन सगळे पहिल्यापासून करावे लागले, तर प्रयोग यशस्वी झाला असे समजावे.

अस्सल यंत्र हाती आल्यास

भंगारात किंवा कोणाच्या माळ्यावर असे यंत्र सापडले, तर ते लगेच विजेला जोडू नये. स्पेक्ट्रमला ९ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि त्याच्या पिनेचे मधले टोक ऋण असते, तर बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अडॅप्टरांचे मधले टोक धन असते. दिसायला पिन सारखीच, बसते सारखीच. माझ्याच हातून एक बोर्ड असा गेला आहे. कमोडोर ६४ चा मूळ वीजपुरवठा जुना झाला की ५ व्होल्टच्या तारेवर अधिक दाब सोडतो आणि मेमरीच्या चिप जाळतो, म्हणून मल्टिमीटर लावून आधी मोजावे, आणि ५.२५ च्या वर काटा गेला तर तो पुरवठा बाद करावा. बीबीसीच्या पुरवठ्यातील पारदर्शक पिवळसर कवचाचे कपॅसिटर तडकून धूर सोडतात. ते यंत्र चालू करण्याआधीच बदललेले बरे. अमेरिकी यंत्र असेल तर ते १२० व्होल्टचे असते, त्याच्यासाठी दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागेल. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात असे काम करणारे कारागीर भेटतात, फक्त किती अँपिअर लागतात ते कागदावर लिहून न्यावे. आमच्या पावसाळ्यात दमट हवेने कडेच्या तांब्याच्या पट्ट्यांवर थर चढतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. आणि स्पेक्ट्रमच्या रबरी बटणांखालचे पातळ पटल सुकून चिरते, ते दुरुस्त होत नाही, नवेच घालावे लागते.

लहान मुलांच्या कीबोर्डसारखा दिसणारा, काडतूस घालून टीव्हीला जोडायचा जो ‘कॉम्प्युटर’ १९९० च्या दशकात आपल्या बाजारात आला होता, तो या गटात धरू नये. तो निन्टेन्डोच्या खेळयंत्राची नक्कल होता.

इतिहासाचे पान

आता दुसरे पान उघडावे. इतिहासातील स्थान एका आकड्यात मावत नाही, म्हणून आम्ही चार खाती मांडतो : किती खपले, कोणते दार उघडले, कोणाला शिकवले, आणि मागे वंश काय राहिला. खपाच्या खात्यात कमोडोर ६४ ला तोड नाही. वेगवेगळे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत जातात आणि ते १९९४ पर्यंत बनत राहिले. पण दार उघडण्याच्या खात्यात, त्याहून फार कमी खपलेला ऍपल टू पुढे आहे, कारण व्हिजिकॅल्कमुळे कार्यालयांना छोट्या यंत्राची गरज पटली आणि ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम पीसी आला तेव्हा बाजार तयार होता. स्पेक्ट्रमची मूळ विक्री सुमारे पन्नास लाख. १९८६ मध्ये सिंक्लेअरचा हा व्यवसाय ५० लाख पौंडांना ऍमस्ट्रॅडकडे गेला. पण त्याची रचना साधी असल्यामुळे सोव्हिएत संघात आणि पूर्व युरोपात त्याच्या नकला इतक्या झाल्या की तिकडच्या एका पिढीचा पहिला कॉम्प्युटर तोच ठरला. वंशाच्या खात्यात बीबीसी मायक्रो सर्वांवर मात करतो : त्याच एकॉर्नमध्ये सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी रचलेला एआरएम प्रोसेसर एप्रिल १९८५ मध्ये पहिल्यांदा चालला, आणि आज आपल्या खिशातील मोबाइल त्याच घराण्याचा आहे. मात्र हे पुण्य बीबीसी मायक्रोच्या वेगाच्या किंवा किमतीच्या रकान्यात जमा करू नये. १९८२ मधल्या गिऱ्हाइकाला त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

प्रत्येक खात्यापुढे देश लिहिला की चित्र आणखी बदलते. जगात कोट्यवधींनी खपलेल्या कमोडोरची आपल्याकडे सावलीही फारशी पडली नाही. केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला आणि त्यासाठी बीबीसी मायक्रो निवडला, त्यामुळे भारतातील अनेक विद्यार्थ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ज्या बटणांना हात लावला ती त्या यंत्राची होती. स्पेक्ट्रम प्लसची परवानाधारक आवृत्तीही डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने येथे विकली. नोव्हेंबर १९८४ च्या नव्या कॉम्प्युटर धोरणाने आयात सोपी केली, पण तोवर आयबीएम पीसीच्या धर्तीची यंत्रे येऊ लागली होती आणि घरगुती यंत्रांची वेळ टळत चालली होती.

म्हणून आमच्या गटातील मुलांना शेवटचे काम लॅपटॉपवरचे देत नाही. आपापल्या जुन्या शाळेत किंवा महाविद्यालयात जावे, मुख्याध्यापकांची रीतसर परवानगी घ्यावी आणि १९८४ ते १९९५ या काळातील जडवस्तू संग्रह नोंदवही, जिला सगळे डेड स्टॉक रजिस्टर म्हणतात, ती पाहायला मागावी. कॉम्प्युटर कधी आला, कोठून आला, किंमत किती लावली, सोबत टीव्ही आणि टेपरेकॉर्डर होता का, हे सगळे त्यात एका ओळीत असते. प्रयोगशाळा सांभाळणारे निवृत्त शिक्षक भेटले, तर ते यंत्र आठवड्यातून किती तास उघडले जात असे आणि किल्ली कोणाकडे असे, हे दोन प्रश्न आवर्जून विचारावेत. मग त्याच ओळीच्या शेवटच्या रकान्यातील निर्लेखनाची, म्हणजे वस्तू नोंदीतून कमी केल्याची, तारीख टिपून घ्यावी, आणि खरेदीच्या तारखेपासून तिथपर्यंतची वर्षे मोजून ती वहीत, वेग आणि मेमरीच्या शेजारी, वेगळ्या रकान्यात लिहावीत.